तीच गोळी, तोच डोस. एका बाळाला व्यंग, दुसरं ठणठणीत. असं का?

सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पत्रकार परिषदेत सांगितलं, की गरोदर बायकांनी पॅरासिटामॉल टाळावं, त्याचा मुलांमधल्या ऑटिझमशी संबंध आहे. बातमी पाहता पाहता आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पोचली आणि तिच्यामागोमाग दोन ठरलेले सूर उमटले. एक म्हणजे, "बघा, सांगत होतो ना, या गोळ्या विषच." दुसरा, "काही होत नसतं. माझ्या जावेनं नऊ महिने गोळ्या खाल्ल्या, तिचा मुलगा आज इंजिनीअर आहे."

पॅरासिटामॉलचं काय ते पुढे येईलच. पण जावेचा तो दाखला मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो खोटा नसतो. गरोदरपणात खरोखर धोकादायक ठरलेली औषधं घेऊनही बहुतेक बाळं धडधाकट जन्मतात. आणि त्याच औषधानं, त्याच डोसनं, एखाद्या घरात पाठीचा कणा उघडा राहिलेलं बाळ जन्माला येतं. हा फरक कुठून येतो? नशीब म्हणून सोडून द्यायचं, की त्यामागे काही कारण सापडतं?

कारण सापडतं. पूर्ण नाही, पण बरंचसं. त्याचा मोठा भाग जनुकांत आहे: आईच्या आणि बाळाच्या.

आधी आकडे

कुठलंही औषध न घेणाऱ्या बायकांच्या १०० बाळांपैकी साधारण २ ते ३ बाळांना मोठं जन्मजात व्यंग असतं. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, दुभंगलेली टाळू, पाठीच्या कण्यातला दोष अशी ती व्यंगं. हा पाया लक्षात ठेवायचा, कारण कुठल्याही औषधाचा धोका याच्या वर किती, असाच मोजतात. ज्या औषधामुळे हा आकडा वाढतो त्याला आपण या लेखात व्यंगकारक औषध म्हणू. डॉक्टर त्याला टेरॅटोजेन म्हणतात.

फिट येऊ नये म्हणून दिली जाणारी औषधं इथे सगळ्यात जास्त अभ्यासली गेली आहेत. फिटचा आजार तरुण वयात असतो, गोळी रोज घ्यावी लागते आणि गरोदरपणातही ती थांबवता येत नाही. म्हणून हजारो बायकांच्या नोंदी जगभर ठेवल्या गेल्या. ४२ देशांतल्या अशा नोंदींचा निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरॅसिटॅम घेणाऱ्या बायकांच्या बाळांत मोठ्या व्यंगाचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आतच होतं, म्हणजे जवळजवळ पायाइतकंच. कार्बामॅझेपिनवर साडेपाच टक्के, फेनिटॉइनवर साडेसहाच्या आसपास आणि सोडियम व्हॅल्प्रोएटवर १० टक्क्यांच्या थोडं वर.

व्हॅल्प्रोएट हे यातलं सगळ्यात घातक. त्यामुळे बाळाचा पाठीचा कणा उघडा राहू शकतो, हे १९८२मध्ये फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या जन्मनोंदींवरून एलिझाबेथ रॉबेर यांच्या लक्षात आलं. पुढे कळलं की शरीरात व्यंग नसलं तरी या औषधानं मुलाची बुद्धी, बोलणं आणि वागणं यांवरही परिणाम होतो. आणि तरीही वरचा आकडा परत वाचा. १०० पैकी १० बाळांना व्यंग, म्हणजे सुमारे ९० बाळांना नाही.

वेळ आणि डोस यांनी बरंच उलगडतं, सगळं नाही

पहिलं कारण वेळेचं. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून घडतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं ठाऊकही नसतं. त्या दिवसांत औषध पोटात असलं तर कण्याला धोका. तीच गोळी सातव्या महिन्यात सुरू झाली तर कणा उघडा राहण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो केव्हाच मिटलेला असतो.

दुसरं कारण डोसचं. ४२ देशांतल्या त्याच अभ्यासात दिवसाला ६५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत व्यंगाचं प्रमाण ६ टक्क्यांच्या थोडं वर होतं. १४५० मिलिग्रॅमच्या पुढे ते २५ टक्क्यांवर गेलं. चारातलं एक बाळ. हा फरक एवढा मोठा आहे की कुठल्याही जनुकाच्या चर्चेआधी डोसची चर्चा व्हायला हवी.

पण वेळ सारखी आणि डोस सारखा असलेल्या बायका घेतल्या, तरी निकाल सारखे येत नाहीत. मोठा डोस घेतलेल्या चौघींतल्या तिघींची बाळं वाचतात, ती का?

एकाच पोटातली दोन बाळं

याचं सगळ्यात बोलकं उत्तर मला १९८२मध्येच अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या एका जुळ्यांच्या गोष्टीत दिसतं.

आईला फिटचा आजार होता आणि ती गरोदरपणात फेनिटॉइन घेत होती. फेनिटॉइनचा फटका बसलेली बाळं ओळखू येतात. नाकाचा पूल बसका आणि रुंद, हातापायांच्या बोटांची टोकं आखूड, नखं इवलीशी किंवा नसल्यासारखीच, वाढ मंद. या बाईच्या जुळ्यांपैकी एकात ही लक्षणं होती. दुसऱ्यात नव्हती. गर्भाशय तेच, गोळी तीच, रक्तातलं औषधाचं प्रमाण तेच, दिवसही तेच. तपासण्यांत निघालं की या जुळ्यांचे बाप वेगवेगळे होते. एका पाळीचक्रात दोन बीजं सुटली आणि दोन वेगळ्या पुरुषांपासून फळली, तर असं घडतं. दुर्मीळ आहे, पण घडतं.

बाहेरची परिस्थिती दोघांना इतकी सारखी मिळणं प्रयोगशाळेतही अवघड असतं. तरी एकाला फटका बसला, दुसऱ्याला नाही. म्हणजे फरक बाळांच्या आतच असला पाहिजे, आईबापांकडून त्यांना मिळालेल्या जनुकांत.

अर्थात एका जुळ्यावरून सिद्धांत उभा राहत नाही. पण हा विचार त्याआधीच रुजला होता. १९५०च्या सुमारास कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात क्लार्क फ्रेझर गाभण उंदरांना कॉर्टिसोन टोचत होते. औषध नवीन होतं. पिल्लांची टाळू दुभंगलेली निघू लागली. पण उंदरांच्या एका जातीत जवळजवळ सगळ्या पिल्लांत, तर दुसऱ्या जातीत पाचातल्या एकातही नाही. डोस एकच होता.

मग त्यांनी दोन जातींचा संकर केला, दोन्ही बाजूंनी. एकदा आई नाजूक जातीची, बाप दणकट जातीचा, एकदा उलट. दोन्हीकडच्या पिल्लांना दोन्ही जातींची जनुकं निम्मी-निम्मी मिळाली, म्हणजे पिल्लं जनुकांनी जवळजवळ सारखी. तरी आई नाजूक जातीची असताना सुमारे ४० टक्के पिल्लांची टाळू दुभंगली आणि आई दणकट जातीची असताना ५ टक्क्यांपेक्षा कमी. या प्रयोगाचं मला फार कौतुक वाटतं, कारण त्यानं एका फटक्यात दोन गोष्टी दाखवल्या. पिल्लाची जनुकं महत्त्वाची आहेतच. आणि ती सारखी असली तरी आईची जनुकं वेगळा निकाल देऊ शकतात.

नंतरच्या कामात नाजूक जातीचं मर्मही कळलं. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. ठरावीक दिवशी ते वर उचलले जातात आणि मध्ये एकमेकांना चिकटतात. नाजूक जातीत हे उचलणं मुळातच उशिरा होतं. औषध नसेल तर बहुतेक वेळा ते कसंबसं वेळेत जमतं. कॉर्टिसोननं आणखी थोडा उशीर केला, की डोकं रुंदावून गेलेलं असतं आणि पडदे एकमेकांपर्यंत पोचत नाहीत.

पाऊस एकच, रान वेगळं

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एकाच रात्री पडलेला पाऊस मुरमाड रानातून सकाळपर्यंत निचरून जातो आणि काळ्या रानात गुडघाभर साचून राहतो. साचलं तरी पिकाचं काय होईल ते पीक कोणतं आणि केवढं वाढलंय त्यावर ठरतं. भात तरतो, तूर उभळते. औषध हा पाऊस धरला, तर आईचं शरीर म्हणजे रान आणि बाळ म्हणजे पीक.

निचऱ्याचं काम मुख्यतः आईच्या यकृतात होतं. तिथली एन्झाइमं, म्हणजे रसायनं फोडणारी प्रथिनं, औषध मोडून बाहेर टाकतात. ही एन्झाइमं बनवण्याची कृती जनुकांत लिहिलेली असते आणि ती प्रत्येकात थोडी वेगळी असते. फेनिटॉइन मोडणारं एन्झाइम काहींमध्ये जन्मजात संथ असतं. अशा बाईनं शेजारणीएवढ्याच गोळ्या घेतल्या, तरी तिच्या रक्तात औषध जास्त साचतं. तिचा डोस कागदावर तेवढाच दिसतो, बाळापर्यंत पोचणारा मात्र मोठा असतो.

दुसरी जागा वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला आईच्या रक्तातून पोषण पोचवणारा अवयव. वारेत एक पंप असतो. बाळाकडे निघालेली काही रसायनं तो पकडून आईच्या रक्तात परत ढकलतो. या पंपाचं जनुक बिघडलं तर काय होतं, हे एका कीटकनाशकाच्या चाचणीत फार स्पष्ट दिसलं. लाल कोळीवर फवारलं जाणारं अबामेक्टिन आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. पिकावर उन्हात त्यापासून एक घटक तयार होतो. तो गाभण उंदरांना देऊन पाहिला, तेव्हा एकाच वेतातल्या काही पिल्लांची टाळू दुभंगली, काहींची नाही. १९९८च्या शोधनिबंधात उलगडा झाला. ज्या पिल्लांना पंपाचं जनुक आईबाप दोघांकडूनही बिघडलेलं मिळालं होतं, त्या सगळ्यांची टाळू दुभंगली. दोन्हीकडून चांगलं मिळालेल्यांपैकी एकाचीही नाही. एकच बिघडलेलं मिळालेले मध्ये कुठेतरी. वार बाळाच्याच पेशींची बनते, म्हणून एकाच गर्भाशयात प्रत्येक पिल्लाची राखण वेगळी होती.

तिसरी जागा खुद्द बाळ. फेनिटॉइन मोडताना मध्येच एक जहाल पदार्थ तयार होतो आणि तो निकामी करायला आणखी एक एन्झाइम लागतं. १९९०मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फेनिटॉइन घेणाऱ्या बायकांच्या गर्भजलातल्या पेशींत या एन्झाइमाची ताकद मोजली. १९ गर्भांपैकी ४ मध्ये ती फार कमी होती, आणि जन्मानंतर नेमक्या त्याच चौघांत फेनिटॉइनची लक्षणं दिसली. तेव्हा वाटलं होतं, की आता चाचणी हाती आली. तसं झालं नाही. का, ते पुढे सांगतो.

थॅलिडोमाइड: उंदरानं दिलेला खोटा दिलासा

औषध पेशीत ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, ते प्रथिनच वेगळं असेल तर? थॅलिडोमाइडच्या इतिहासात हा प्रश्न हजारो मुलांच्या हातापायांवर उमटला आहे.

जर्मनीत ऑक्टोबर १९५७मध्ये हे औषध झोपेसाठी बाजारात आलं आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं गेलं. उंदरांना कितीही दिलं तरी ते मरत नाहीत, म्हणून ते अगदी सुरक्षित मानलं गेलं. नोव्हेंबर १९६१मध्ये ते तिथे मागे घेतलं गेलं. या औषधामुळे जगभर १०,०००हून अधिक बाळं हातपाय खुंटलेली किंवा इतर व्यंगं असलेली जन्मली. जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी यांनी परवानगीच दिली नाही, म्हणून तिथली असंख्य मुलं वाचली.

औषध नेमकं कशाला चिकटतं हे कळायला २०१० साल उजाडलं. टोकियोतल्या हिरोशी हांदा यांच्या गटानं सेरेब्लॉन नावाचं प्रथिन शोधलं. थॅलिडोमाइड त्याला चिकटलं, की हातपाय घडवण्यासाठी लागणारी दुसरी प्रथिनं पेशीत नष्ट होऊ लागतात. उंदरातही सेरेब्लॉन असतं. पण प्रथिन म्हणजे शेकडो दुव्यांची साखळी, आणि उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये मोक्याच्या जागी एक दुवा वेगळा आहे. उंदरात ती प्रथिनं नष्ट होत नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण. एवढ्याशा फरकांवर उंदराचं पिल्लू वाचतं आणि माणसाचं बाळ बळी पडतं. एक प्राणी ठणठणीत राहिला म्हणून दुसरा राहील असं धरून चालणं किती महाग पडतं, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. जावेच्या दाखल्यात तेच गृहीत लपलेलं असतं.

जनुकं उलट बाजूनंही फसवतात

आता पॅरासिटामॉल. इथे जनुकांनी औषधावर नाहक आळ आणला असण्याची शक्यता जास्त दिसते.

ऑटिझम कुटुंबात वाहतो, त्यात जनुकांचा वाटा मोठा आहे. ज्या बायका गरोदरपणात जास्त वेळा वेदनाशामक घेतात, त्यांना अर्धशिशी, ताप, संसर्ग असे त्रासही जास्त असतात. म्हणजे गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायका मुळातच एकसारख्या नसतात. मग मुलांतला फरक गोळीचा म्हणायचा की घराण्याचा?

स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी यासाठी तपासल्या गेल्या आणि २०२४मध्ये निष्कर्ष आला. सगळी मुलं एकत्र पाहिली तेव्हा पॅरासिटामॉल घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझम किंचित जास्त दिसला. मग एकाच आईच्या भावंडांची तुलना केली: एका खेपेला गोळी घेतलेली, दुसऱ्या खेपेला नाही. फरक नाहीसा झाला. आई तीच, घर तेच. गोळीनं काही होत असतं तर ते इथेही दिसायला हवं होतं. तापानं फणफणलेल्या गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेणं आजही योग्यच आहे. ताप तसाच अंगावर काढणं बाळासाठी बरं नव्हे.

"जावेचं बाळ चांगलं झालं, मग माझं का नाही होणार?"

जावा दोन वेगळ्या घरांतून आलेल्या असतात, त्यांच्यात रक्ताचं नातं नसतं. जावेच्या यकृताचा वेग, तिच्या बाळाच्या वारेतला पंप, यांतलं काहीच तुम्हाला मिळालेलं नाही. सख्ख्या बहिणीचा दाखलाही अर्धाच. तिची आणि तुमची निम्मी जनुकं सारखी, आणि बाळाच्या निम्म्या जनुकांचा धनी बाळाचा बाप.

"पहिलं मूल याच गोळीवर चांगलं झालं. दुसऱ्यालाही चालेल ना?"

हा प्रश्न जास्त रास्त आहे, कारण इथे आई तीच आहे. ब्रिटनमधल्या नोंदींचा अभ्यास २०१३मध्ये आला. फिटची औषधं घेताना पहिल्या मुलात व्यंग आलेल्या बायकांच्या पुढच्या बाळांत व्यंगाचं प्रमाण साधारण १७ टक्के होतं. पहिलं मूल निर्व्यंग असलेल्यांत साधारण १०. म्हणजे पहिल्या खेपेचा अनुभव काहीतरी सांगतो, आणि त्यातून आईच्या जनुकांचा हातही दिसतो. पण १० म्हणजे शून्य नव्हे. दुसऱ्या बाळाला तुमच्या आणि नवऱ्याच्या जनुकांची नवी वाटणी मिळते. आणि पहिल्या खेपेला व्यंग आलं असेल, तर तेच औषध तसंच ठेवून पुढची पाळी चुकेपर्यंत थांबणं फार धोक्याचं.

"मग जनुकांची चाचणीच करून घेते"

कार्बामॅझेपिन सुरू करण्याआधी एका जनुकाची चाचणी करतात, हे काहींनी ऐकलं असेल. ती अंगावरची कातडी सोलवटणारी जीवघेणी रिअ‍ॅक्शन टाळण्यासाठी असते, आणि तिथे एकाच जनुकाचा प्रभाव प्रचंड आहे. जन्मजात व्यंगांचं तसं नाही. आईचं यकृत, वार, बाळाची एन्झाइमं, मज्जानलिका मिटवणारी कितीतरी जनुकं, शिवाय आईला मिळणारं फॉलिक अ‍ॅसिड, साखर, ताप: सगळ्यांचा थोडा थोडा भार पडतो. १९९०च्या त्या चाचणीत १९च गर्भ होते. रोजच्या वापरात आणण्याइतका भक्कम पुरावा तिच्यामागे पुढे उभा राहिला नाही.

शरीरात फॉलिक अ‍ॅसिड वापरायला लागणाऱ्या एमटीएचएफआर नावाच्या जनुकाची चाचणी मात्र गरोदर बायकांना सर्रास लिहून दिली जाते. या चाचणीत शोधले जाणारे जनुकाचे प्रकार धडधाकट लोकांतही इतके सामान्य आहेत, की चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून घाबरायचं कारण नाही आणि साधं फॉलिक अ‍ॅसिड त्यांनाही चालतं. यापेक्षा वाईट धोका दुसऱ्या टोकाचा आहे. ‘तुमची जनुकं चांगली आहेत’ असा कागद हातात घेऊन कुणी व्हॅल्प्रोएट निर्धास्त चालू ठेवावं, असा कुठलाही कागद आज अस्तित्वात नाही.

"त्यापेक्षा गोळी बंदच करते"

हे करू नका. हे वाचून एका जरी बाईनं आज रात्रीची गोळी चुकवली, तर लेखाचा उपयोग होण्याऐवजी नुकसान होईल. मोठी फिट आली की आईचा श्वास अडखळतो, बाळाचा प्राणवायू कमी होतो, ती पडते, भाजते. फिटचा आजार आटोक्यात नसलेल्या माणसाला झोपेत अचानक मृत्यू येऊ शकतो, आणि गरोदर बायकांचे असे मृत्यू झालेले आहेत. शिवाय दिवस गेल्याचं कळेपर्यंत मज्जानलिका मिटण्याची वेळ बहुधा येऊन ठेपलेली किंवा उलटून गेलेली असते. तेव्हा घाबरून गोळी सोडली तर धोका टळत नाही, आईचा जीव तेवढा टांगणीला लागतो. गोळी चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

"म्हणजे दोष आईच्या रक्तात?"

नाही. कुणी सासू असं म्हणाली, तर हा लेख तिला वाचून दाखवा. संथ एन्झाइम हा आजार नसतो. औषध आलं नसतं तर ते कधी कळलंही नसतं. बाळाच्या निम्म्या जनुकांचा हिशेब बापाकडे जातो. इतकंच नाही, तर गर्भधारणेच्या आधीच्या तीन महिन्यांत बापानं व्हॅल्प्रोएट घेतलं असेल, तर मुलांत वाढीचे आणि शिकण्याचे दोष थोडे जास्त दिसू शकतात, असा सावधगिरीचा इशारा युरोपच्या औषध नियामकांनी जानेवारी २०२४मध्ये दिला. उत्तर युरोपातल्या नोंदींत अशा १०० मुलांपैकी सुमारे ५ जणांना असे दोष होते, इतर दोन औषधं घेणाऱ्या बापांच्या मुलांत सुमारे ३ जणांना.

औषधानं जनुकंच बिघडतात आणि घराण्याला कायमचा डाग लागतो, हाही गैरसमज आहे. थॅलिडोमाइडमुळे हात गमावलेल्या माणसांनी पुढे संसार केले, त्यांना मुलं झाली, आणि त्यांचं व्यंग मुलांमध्ये उतरतं असं दिसलेलं नाही. औषधानं बाळाच्या घडणीत अडथळा आणला होता. घडणीचा आराखडा शाबूत होता.

आपल्याकडे काय चालतं

आपल्याकडे अडचणीची सुरुवात लग्नाच्या बोलणीपासून होते. मुलीला आकडी येते हे सासरी सांगायचं नाही, गोळ्या माहेरून गुपचूप आणायच्या, आणि दिवस गेले की बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही सांगायचं नाही. गोळी बदलायची संधी तिथेच हातची जाते. ज्या बाईला आपलं औषध उशीखाली लपवावं लागतं, तिला डोस कमी करण्याबद्दल विचारायला जागाच राहत नाही. हे बदलणं कुठल्याही जनुकचाचणीपेक्षा जास्त बाळं वाचवील, असं माझं ठाम मत आहे.

केरळनं या बाबतीत वाट दाखवली आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८पासून फिटचा आजार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली जाते. डॉ. संजीव थॉमस यांनी ती उभी केली. बाईची नोंद शक्यतो गर्भधारणेआधी किंवा अगदी सुरुवातीला होते आणि जन्मलेल्या बाळांची पुढेही तपासणी होते. वारेतल्या त्या पंपाचं जनुक आणि बाळातली व्यंगं यांचा मेळ बसतो का, हेही त्यांनी आपल्याच बायकांमध्ये तपासलं. ही जनुकं समाजागणिक वेगळी असतात आणि जगातला बराचसा अभ्यास युरोपीय वंशाच्या बायकांवर झालेला आहे. म्हणून अशी नोंदवही महाराष्ट्रातही हवी.

तोवर हातात असलेल्या माहितीवरच ठरवावं लागतं. मूल हवं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे आधी जायचं आणि जाताना काही गोष्टी कागदावर लिहून न्यायच्या. गोळीचं नाव आणि दिवसाचे एकूण मिलिग्रॅम. आधीची बाळंतपणं, गर्भपातसुद्धा. माहेरी किंवा सासरी कुणाचा कणा उघडा, ओठ फाटलेला किंवा हृदयाला छिद्र होतं का. नवरा-बायको नात्यातले आहेत का, कारण मामा-आत्याच्या मुलांत लग्न असेल तर व्यंगाचा मूळ धोकाही थोडा वाढतो. जनुकांची चाचणी जे सांगू शकत नाही, त्यातलं बरंचसं हा कागद सांगतो. फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायचं. डोस किती तो डॉक्टर ठरवतील. मात्र त्यानं व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जातो असं समजायचं नाही.

आणि हे सगळं मूल हवं असं ठरल्यावर लगेच, महिनोन्‌महिने आधी करायचं. व्हॅल्प्रोएटवरून लॅमोट्रिजिनवर जायचं तर नवी गोळी अगदी थोडीथोडी वाढवावी लागते, कारण घाई केली तर अंगावर धोकादायक पुरळ उठू शकतं. आणि व्हॅल्प्रोएट अजून अंगात असताना तर आणखी सावकाश, कारण त्याच्यामुळे लॅमोट्रिजिन रक्तात जास्त साचतं. नवं औषध पूर्ण डोसला पोचून फिट थांबल्यात याची खात्री झाली की मगच जुनं बंद होतं. पुढे दिवस गेल्यावर शरीर लॅमोट्रिजिन भराभर बाहेर टाकू लागतं, तेव्हा डोस परत वाढवावा लागतो. तो किती वाढवायचा हे रक्त तपासून ठरवतात, कारण हा वेगही प्रत्येकीचा वेगळा असतो.